पंचविसावी गाठ

मास्तर गेल्याची बातमी मला कोणी आणून दिली नाही. ती मीच घेऊन गेलो. अमरावतीहून बार्शीटाकळी, छकड्याने अडीच दिवस, आणि मांडीवर मास्तरांचं पागोटं, चिखलाने कडक झालेलं. त्यांची बायको मळ्यात वांग्यांना पाणी देत होती. मला बांधावर पाहिलं, पागोटं पाहिलं, आणि हातातलं फावडं तिथेच सुटलं. रडली नाही. वाफा फुटला, पाणी तिच्या पायांवरून वाहत राहिलं, आणि तिने एकच विचारलं, "दोर त्याईच्या हातात होता ना, भाऊजी?" मी म्हणालो, "होता." ... त्या एका शब्दापायी आज दीड महिन्याने मी हे लिहायला बसलो आहे. संपादक महाराज, आपल्या वर्तमानपत्रात मास्तरांवर दोन ओळी छापून आल्या, त्यात ईश्वराच्या इच्छेचा उल्लेख होता. ईश्वराला उगाच कशाला ओढता? त्याच्या आधी माझं नाव घ्या. मी नारायण, वलगावचा, मास्तरांच्या हाताखालचा दुय्यम मास्तर.

सखाराम मास्तर माळ्याच्या घरचे. भाजीपाल्यात वाढलेला माणूस मास्तर कसा झाला, हे विचारलं की म्हणायचे, "वांगे मोजता मोजता गणित आलं बाप्पा, मंग सुटलंच नाही." आमची शाळा अमरावतीच्या वेशीबाहेर, उघड्या मैदानात. दोन गवती छपरं, पटावर तेवीस पोट्टे, आणि मैदानाच्या पार त्या टोकाला एक जुनं दगडी कोठार, कमानीच्या छताचं. मधे शंभरएक पावलांची मोकळी जागा आणि त्या जागेत विहीर. विहिरीला कठडा नव्हता. कठड्याचे दगड आणून टाकले होते, पण गवंडी मिळेल तर शपथ! विलायतेकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला होता. गावोगावचे गवंडी शेठ लोकांच्या वखारी बांधत होते. कालपर्यंत चिलमीला तंबाखू मागणारा माणूस बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून मिरवत होता. शाळेच्या विहिरीला कठडा बांधायला कुणाला सवड असणार?

मास्तरांना तेव्हा वादळाचं वेड लागलं, असं लोक म्हणत. वेड नव्हतं ते. आदल्या एका चैत्रात दुपारच्या वावधनाने आमचं एक छप्पर उचललं होतं, आढं खाली आलं आणि एका पोराचा पाय कायमचा गेला. पोरं बाहेर पळाली तर धुळीत स्वतःचा हात दिसत नव्हता. दोघं विहिरीच्या काठावर पालथी पडलेली सापडली, चार बोटं पुढे सरकली असती तर संपलंच होतं. त्या दिवसानंतर मास्तर गावी गेले आणि बापाच्या मोटेचा दोर घेऊन आले. अंबाडीचा, मनगटाएवढा जाड, पाणी पिऊन पिऊन काळा पडलेला. त्याला त्यांनी पंचवीस गाठी मारल्या. पहिली माझी, मी पुढे. मग तेवीस पोरांच्या, ज्याची त्याला नेमून दिलेली. शेवटची, पंचविसावी, मास्तरांची. आभाळ फिरलं की घंटा, घंटा झाली की आपापली गाठ धरायची, आणि विहिरीला वळसा घालून कोठारात. दर शनिवारी ही कवायत. आणि त्यातली खरी खुबी तर पुढेच आहे. सकाळी हजेरी झाली की जो आला नसेल त्याच्या गाठीला चिंधी बांधायची. कोठाराच्या दाराशी मास्तर दोरावरून हात फिरवायचे. गाठीवर हात लागला, ठीक. चिंधी लागली, तरी ठीक, तो घरी आहे. दोन्ही नसेल तर मागे फिरायचं. अंधारात, धुळीत, डोळे मिटूनसुद्धा हे कळत होतं.

लोकांनी काय थट्टा केली म्हणून सांगू! एक बाप शाळेच्या फाटकात उभा राहून ओरडला, "काहून वो मास्तर, पोट्टे शिकाले पाठवले का दावणीले बांधाले?" मास्तर शांतपणे म्हणाले, "बैल सुटला तं दुसरा भेटते. पोट्टा कोणत्या बाजारात भेटते ते सांगा." एका शेठला ते कोठार कापसासाठी हवं होतं. रिकामंच तर आहे, म्हणाला. मास्तरांनी नाही म्हटलं. मग वरून दडपण आलं, गावातले चार शहाणे समजवायला आले, मीही म्हणालो की, मास्तर, वर्षातून एकदा लागतं ते, देऊन टाका. माझ्यावर त्यांनी डोळे वटारले. कोठार त्यांनी रिकामं ठेवलं. दाराच्या बिजागऱ्यांना स्वतः तेल घालायचे, आतले विंचू स्वतः झाडून काढायचे. चहूकडून त्यांनी बंदोबस्त केला होता. फट राहिली ती माझ्याकडून.

चैत्र सरत आला होता. पाऊस पडला की आमच्या काळ्या रानातून गाडी हलत नाही, म्हणून ज्याच्या घरी कापूस उरला होता तो अकोल्याकडे धावत सुटला होता. गाड्या होत्या, बैल होते, पण बोजे आवळायला दोर मिळत नव्हता. वलगावातल्या बायका चुलीपुढे बसून अंबाडी वळत होत्या, तरी पुरत नव्हतं. एका रविवारी माझा थोरला भाऊ शाळेत आला. दोर माझ्या वर्गात दारामागच्या खुंटीवर असायचा, चिंध्या बांधायचं कामही माझंच होतं. दादा म्हणाला, "शनिवारच्या आत आणून देतो. इथी तं नुसता लटकूनच राह्यते ना!" मी म्हणालो, "मास्तरले विचारतो." तो हसला, "आता भावाले दोर द्याले बी मास्तर?" ... एवढंच पुरलं मला. मोठा माणूस व्हायचं होतं ना! दोर काढून दिला. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी हजेरी घ्यायचो, दार मागे लोटून ठेवायचो म्हणजे खुंटी झाकली जायची, आणि सकाळ-संध्याकाळ पश्चिमेकडे पाहायचो. आभाळ रोज स्वच्छ. मी मनात म्हणायचो, आणखी तीन दिवस, आणखी दोन.

गुरुवारी सकाळपासून वारा पडला होता. पान हलत नव्हतं. मास्तर दोनदा बाहेर येऊन उभे राहिले. निंबावरचे कावळे कुठे गेले, असं त्यांनी मला विचारलं, आणि मी म्हणालो की असतील कुठेतरी. तेव्हाच सांगायला हवं होतं. अजून वेळ होता, विहिरीभोवती काट्या रोवता आल्या असत्या, पोरांना घरी धाडता आलं असतं. पण मास्तर रागावतील या भीतीने मी उजळणी घेत बसलो. तेवीसमधला एकच पोरगा त्या दिवशी नव्हता, किसना. आईबरोबर दर्शनाला रिद्धपूरला गेला होता. त्याने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. दोर असता तर त्याच्या गाठीला चिंधी बांधली असती, पण आता बांधणार कशाला?

तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडून तांब्याच्या रंगाची एक भिंत उठली. आवाज नव्हता तिला. अकोल्याच्या वाटेवरची झाडं एकेक करून तिच्यात गेली. घंटा झाली. मास्तर माझ्या वर्गात आले, दार ओढलं, खुंटीकडे पाहिलं.

"दोर?"

"अकोल्याले गेला ... दादानं नेला."

शिव्या दिल्या असत्या, कानाखाली ओढली असती, तर आज मला झोप लागली असती. ते म्हणाले, "बरं." आणि डोक्याचं पागोटं सोडायला लागले. चाळीस हात पागोटं. एक टोक माझ्या हातात दिलं, पोरांना म्हणाले, "जिथं हात पुरते तिथं धरा रे पोट्टेहो, सोडायचं नाही," आणि मला म्हणाले, "तू पुढं हो." माझ्याशी त्यांचं तेच शेवटचं बोलणं.

पन्नास पावलं गेलो असू, आणि दिवस विझला. नाकातोंडात माती, कानात गर्जना, मग अंगावर गारा. पागोट्याला गाठी नव्हत्या, पोरं एकमेकांवर आदळत होती, पण कुणी सोडलं नाही. शाबास त्यांची. मी कोठाराचं दार खांद्याने ढकललं आणि एकेकाला आत ओढलं. मास्तर उंबऱ्यावर उभे राहून प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजत होते. मी आत, मागच्या भिंतीशी, दोन रडणारी पोरं गळ्यात. आणि मला ऐकू आलं, "बावीस! ... एक कमी हाय रे!"

मला माहीत होतं कोण कमी आहे. साऱ्या जगात त्या क्षणी ते फक्त मला माहीत होतं. "मास्तर, किसना रिद्धपूरले गेला! मास्तर!" मी जीव खाऊन ओरडलो. वर दगडावर गारा अशा पडत होत्या की मला माझाच आवाज येईना. पोरांना तुडवत दारापर्यंत आलो तोवर उंबरा रिकामा होता. मी बाहेर पडलो. हे नीट लिहितो, कारण पोरं मला पराक्रमी समजतात. मी दहा पावलं गेलो. मग विहीर आठवली, आणि परत आलो.

अर्ध्या घटकेत सगळं संपलं. लख्ख ऊन पडलं. दोन्ही छपरं उडाली होती. विहिरीच्या काठावर एक वहाण होती, नीट काढून ठेवल्यासारखी.

किसना दुसऱ्या दिवशी आला, मास्तरांसाठी प्रसाद घेऊन. दोर दहाव्या दिवशी आला. दादाने स्वतः आणला, मान खाली. बोजे आवळताना गाठी आड येतात म्हणून हमालांनी सगळ्या सोडून टाकल्या होत्या. मी रात्रंदिवस त्या दोराशी झटलो, पण माझ्या गाठी कधी जवळ पडत, कधी लांब. शेवटी मागच्या आठवड्यात तो तसाच घेऊन बार्शीटाकळीला गेलो. वहिनींपुढे, म्हणजे मास्तरांच्या बायकोपुढे, दोर ठेवला आणि सगळं सांगितलं. खुंटीचं, दादाचं, त्या दहा पावलांचं आणि त्या "होता"चं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मले ठाऊक होतं भाऊजी. दोर असता तं ते पडलेच नसते. मले पाहाचं होतं, तुमी काय सांगता."

वहिनींनी दोर ओढून घेतला, माझी एक गाठ चाचपली, आणि पहिल्यांदा रागावल्या. "हे काय गाठ झाली? पाण्यात घसरन न हे!" माझ्या साऱ्या गाठी त्यांनी सोडल्या आणि हात मोजून, दातांनी आवळून, माळ्याच्या गाठी मारायला लागल्या. दुपार कलली. मी समोर बसून दोराचं टोक धरून होतो, मला दुसरं काम दिलं नाही. पंचवीस झाल्यावर उठून आत गेल्या. पागोटं धुऊन ठेवलेलं होतं, त्याची एक पट्टी टर्रकन फाडली आणि शेवटच्या गाठीला बांधली. मग म्हणाल्या, "हे चिंधी कधी सोडू नका. नाही तं कोणी मांगं पाहाले जाईन."

आता छपरं नवी झाली आहेत, कठड्याचे दगड अजून तसेच पडून आहेत. दोर दारामागच्या खुंटीवर नाही, मी तो वर्गाच्या मधोमध टांगला आहे, येता-जाता डोक्याला लागतो, लागू दे. परवा शनिवारी कवायत घेतली. पोट्टे नेहमी दंगा करतात, परवा घंटा होताच ज्याने त्याने आपली गाठ धरली. कोठाराच्या दाराशी मी उलटा फिरलो आणि दोरावरून हात फिरवत गेलो. हात, हात, चिंधी, हात ... किसनाचा हात घामेजलेला होता. त्याच्या पुढे आणखी एक गाठ, शेवटची. तिथे चिंधी लागली. मग मी दार लावून घेतलं.