बेटावरचं चाक

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या बसमध्ये शेजारचा गोरा तरुण मोबाइलवर कॅसिनो खेळत होता. "कालच सुरू केलंय. कंपनी कुठल्याशा बेटावरची आहे," तो हसत म्हणाला. पडद्यावरचं आकड्यांचं चाक मंदावलं तसा तो उजवीकडे कलला, कॅरमची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी रेंगाळली की आम्ही भावंडं कलायचो अगदी तसाच. माणूस कुठलाही असो, नशिबाला खांद्याने ढकलू पाहतोच. माझ्याही तोंडून नकळत "मोरया" निघालं. चाक त्याच्याच आकड्यावर थांबलं. मी आयुष्यात लॉटरीचं तिकीटही घेतलेलं नाही, पण आता मान वाकवून त्याच्याच पडद्यात पाहत होते.

"तो शब्द पुन्हा म्हणा ना," असं म्हणत त्याने नवा डाव लावला.

माझा स्टॉप आला होता. मी उठलेच नाही.