विहिणीसाठी दिक्स्योनेर

अनुसया म्हणजे माझी मोठी जाऊ. आमच्या या बेटावर प्लेन मान्येनला विमानतळाच्या अंगाला आमची घरं, मध्ये फक्त एक शेवग्याचं झाड. बाईने एकदा मनात घेतलं की ते तडीस न्यायचं, आणि त्यापायी आम्हा सगळ्यांना राबवायचं. एकोणऐंशी साली तिने मनात घेतलं, वेल्श बोलायला शिकायचं.

"आयो, बाई!" मी म्हणाले. "इंग्रजीचा पत्ता नाही आणि एकदम वेल्श? डोकं ठिकाणावर आहे ना?"

तिची पुष्पा नर्सिंग शिकायला वेल्सला गेली आणि तिकडच्याच मुलाशी लग्न करून राहिली. आमचं कोणी जाऊ शकलं नाही, त्यामुळे ऐरणी राहून गेली. आमच्याकडे लग्न लागलं की मुलीची आई सुपात दिवे लावते, ते सूप सासूच्या डोक्यावर धरते आणि म्हणते, माझी लेक सांभाळा. तेवढं झालं की लेक दिली. अनुसया सात वर्षं घोकत होती, "माझी पोर मी दिलीच नाही गं. बसमध्ये छत्री विसरावी तशी तिकडे राहून गेलीय." आणि आता गणपतीच्या आधी पुष्पा सासूला घेऊन येणार होती. सासूचं नाव ओल्वेन.

"मग पुष्पा सांगेल की सासूला इंग्रजीत," मी म्हणाले.

"स्वतःची ऐरणी पोरगी स्वतःच्या तोंडाने करेल? काहीतरीच तुझं."

"मग तू पाठ कर इंग्रजीत दोन शब्द."

"ती बाई भांडते वेल्शमध्ये, रडते वेल्शमध्ये, देवाशी बोलते वेल्शमध्ये. पुष्पाच सांगते. इंग्रजी फक्त बँकेत. आपण नाही का, साहेबाशी फ्रेंच, बाजारात क्रेओल, गणपतीपुढे मराठी? मला काय तिच्याशी बाजार करायचाय?"

मी उठले आणि नवऱ्याला हाक मारली.

माझा नवरा सत्यदेव शाळामास्तर. वहिनीने सांगितलं म्हणजे ब्रह्मवाक्य. त्याने पोर्ट लुईच्या दुकानातून एक जाडजूड दिक्स्योनेर मागवली. तो 'शब्दकोश' म्हणतो, पण घरात त्याचं ऐकतं कोण! अनुसया पदराला हात पुसून समोर बसली. "विचारा तुमच्या दिक्स्योनेरला भावजी, 'पोरी, दमलीस का?' कसं म्हणायचं?"

सत्यदेवने पानं उलटून एक लांबलचक शब्द वाचला, तोही फ्रेंच वाचावा तसा, नाकातून.

"हे कोण कोणाला म्हणतं? आई लेकीला म्हणते का?"

"ते दिलेलं नाही."

"मग काय उपयोग? नुसता शब्द म्हणजे कोरडा भात, घशाखाली उतरत नाही. ठेवा तिकडे."

दुसरं पुस्तक पातळ, प्रवाशांसाठीचं. स्टेशन कुठे आहे, खोली मिळेल का. अनुसया म्हणाली, "विहीण माझ्याकडे येतेय, तिला खोली मी देणार. परत करा."

सत्यदेव हिरमुसला. मला हसू आवरेना, पण अनुसयेचा चेहरा बघून मी गिळलं. दिवस भरभर चालले होते आणि रोज डोक्यावरून विमान गेलं की ती वर बघायची.

तेवढ्यात गल्लीतली हिरा रजेवर आली. तीही नर्स, तिकडे वेल्समध्येच, कार्डिफला. तिच्याकडे स्वतः वापरलेली एक छोटी दिक्स्योनेर होती, चहाचे डाग पडलेली. बोलायला शिकणाऱ्यांसाठीचीच. प्रत्येक शब्दाखाली एक अख्खं बोलणं, तोंड कसं करायचं ते, आणि उत्तरेत असं म्हणतात, दक्षिणेत तसं, तेही. अनुसयेने पुन्हा 'दमलीस का' विचारलं. हिराने वाचून दाखवलं, त्यात आई शेतावरून आलेल्या लेकीला विचारत होती.

"हीच!" अनुसया म्हणाली. "हिच्यात माणसं राहतात."

मग 'ओटीत घातली' शोधायची तिची हौस. हिरा म्हणाली, "मावशी, असं वेल्शमध्ये म्हणालीस तर विहीण एप्रन झटकून बघेल. 'सांभाळा' एवढंच म्हण." तेवढं एकच वाक्य ठरलं: एद्रिख्वुख आर ओल व मेर्ख इ. माझ्या लेकीला सांभाळा. बाई भांडी घासताना म्हणे, शेंगा तोडताना म्हणे. मलासुद्धा पाठ झालं.

विहीणबाई आल्या. बुटक्याशा, गुलाबी, हातात काठी. संध्याकाळी जेवणाआधी अनुसयेने त्यांना पाटावर बसवलं आणि पेटते दिवे ठेवलेलं सूप त्यांच्या डोक्यावर धरलं. बिचाऱ्या घाबरल्या, माझा हात घट्ट धरला. पुष्पाने दिवे बघितले मात्र, तिचा चेहरा बदलला. तिला कळलं होतं.

आणि अनुसयेची जीभ टाळ्याला चिकटली! इतके दिवस घोकलेलं, एक अक्षर निघेना. सूप एका बाजूला कलायला लागलं. मी जोरात म्हणाले, "बोल की गं बाई, तेल सांडेल!"

"एद्रिख्वुख," ती म्हणाली, "आर ओल... व मेर्ख इ."

ओल्वेनबाई एकदम स्थिर झाल्या. वर बघितलं, सुपाकडे नाही, अनुसयेकडे. मग पुष्पाकडे काठीचं टोक करून हळूच बोलल्या, "ही सीन एद्रिख आर व ओल ई."

पुष्पा अर्थ सांगायला पुढे झाली. अनुसया म्हणाली, "थांब. माझेच शब्द आहेत, फक्त फिरवून ठेवलेत. त्या म्हणतायत, हीच मला सांभाळते. हो ना?"

पुष्पाने मान हलवली.

अनुसयेने सूप माझ्या हातात दिलं, भिंतीला टेकून खाली बसली आणि मांडवात मुलीची आई रडते तशी मोठ्याने रडली. विहीणबाई काठी टाकून तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मी दिवे सांभाळत उभी, डोळे पुसायलाही हात मोकळा नाही.

"दिली गं," अनुसया मला म्हणाली. "आता दिली."