ज्योत्स्नाचं ‘येते’

शेजारची ज्योत्स्ना आमच्याकडे बसली की तिची बोटं आधी पलंगावरची चादर चाचपतात. बोलणं माझ्याशी चाललेलं असतं आणि बोटं मध्येच थांबतात. “निर्मलावहिनी, इथं एक धागा सुटलाय बघा.” मला चष्मा लावूनही दिसत नाही. पॉवरलूमच्या कारखान्यात चौदा वर्षं तिनं कापडाचे तागे तपासले. कापड टेबलावरून सरकत जायचं आणि दोष दिसला की ही खडूनं खूण करायची.

मागच्या वर्षी मंदी आली. आधी एक पाळी गेली, मग आठवड्यातले तीन दिवस गेले. दिवाळीनंतर शेठनं कुलूपच लावलं. आमच्या लोधीपुऱ्यात माग थांबले की घरात बसून कळतं. दुपारी भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागतं. ज्योत्स्ना म्हणायची, “या शांततेत मला दुपारची झोपच लागत नाही, वहिनी. खटखट पाहिजे.”

फेब्रुवारीत गावाबाहेरच्या एका नव्या कंपनीत कापड तपासणाऱ्या बाईची जागा निघाली. मुलाखतीला ती माझी निळी साडी नेसून गेली. सकाळी देवापुढे मी तिच्या नावानं दिवा लावला होता. तिला सांगितलं नाही.

परत आली ती खुशीत. “तीन साहेब होते. कापडाचा तुकडा पुढं ठेवला. मी डोळे मिटून हात फिरवला आणि सांगितलं, उभे दोन धागे तुटलेत. एक जण बोलले, वाह मैडम! फक्त निघताना गडबड झाली.”

“काय झालं?”

“सवयीनं तोंडातून निघून गेलं, ‘अच्छा सर, आती हूँ.’ मोठे साहेब हसले. बोलले, ‘अभी तो जाइए. बुलाएँगे तब आना.’ बुलाएँगे बोलले, वहिनी!”

आपल्या मराठी घरांत निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. ते हिंदीवाल्या साहेबांना कसं कळणार? तिची कॉलेजात जाणारी मुलगी मोनाली मात्र पोट धरून हसली. “आई, उनको लगा होगा, पानी पीके वापस आएगी!”

मग अकरा दिवस ज्योत्स्नानं फोन हातातून सोडला नाही. गुरुवारच्या भजनातही तो मांडीवर उताणा. मी टाळ वाजवत होते आणि लक्ष सगळं त्या फोनकडे. वाजू दे रे देवा, एवढंच मागत होते. भजनातच वाजला असता तरी कुणी रागावलं नसतं.

बाराव्या दिवशी मेसेज आला. तिनं उभ्याउभ्याच मला दाखवला. मंदीमुळे कंपनीनं एकच बाई घेतली होती, आणि ती ज्योत्स्ना नव्हती. “हिंदीत किती गोड लिहिलंय,” ती म्हणाली. “उज्ज्वल भविष्य की कामना.”

तेव्हापासून ती ‘येते’ या शब्दावरच रुसली. एका संध्याकाळी आमच्याकडून उठली आणि म्हणाली, “जाते.”

सासूबाई आतून ओरडल्या, “दिवेलागणीला असं काय बोलतेस गं? येते म्हण!”

“कुठं कुठं येते म्हणू, काकू? तिकडं म्हटलं, बोलावलं का कुणी?”

सासूबाईंनी दिव्याची वात सारखी केली.

इतवाऱ्याच्या बाजारात भाजीला जायला जवळचा रस्ता आहे, पण ती कारखान्यावरूनच जाते. एकदा मीही सोबत होते. फाटकाच्या फटीतून तिनं आत पाहिलं. मागांवर जुन्या चादरी टाकलेल्या होत्या. फाटकाच्या लोखंडावर तिनं तळहात ठेवला. “शेवटच्या दिवशी मी टेबलाला ‘येते’ म्हणून निघाले होते, वहिनी.” मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

परवा तिला खंडव्याला एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलं होतं. सकाळी तीच निळी साडी नेसून ती दारात आली आणि उंबऱ्यावर अडली.

“येते म्हण,” मी म्हटलं.

“आणि नाहीच घेतलं तर?”

“तर नाही. पण माझी साडी द्यायला तर येशील ना?”

ती हसली. सवयीनं पदर चाचपला, आणि बोटं थांबली. “वहिनी, इथं एक धागा...”

“राहू दे. आल्यावर बघू.”

“येते,” ती म्हणाली. पण म्हणताना तिची नजर माझ्याकडे नव्हती, कारखान्याच्या रस्त्याकडे होती.