काहीच न करणाऱ्या बायांचं गाव

समस्त जनांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, मंठा तालुक्यातल्या आमच्या गावात बाया काहीच काम करत नाहीत. हा शोध मी स्वतः लावला, घरोघर हिंडून, सुवाच्य अक्षरात.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाची माहिती रंगवायची होती. माणसं किती, घरं किती, कोण काय काम करतं. अक्षर बरं म्हणून यादी माझ्याकडे आली. काखेत वही मारून मी सकाळी आठला निघालो. दारोदार पुरुष बसलेले. बाईच्या नावापुढं काय लिहू, असं विचारलं की एकच उत्तर, काही नाही, घरीच असते. मग तिला जरा बोलवा म्हटलं, की तोच माणूस सांगायचा, ती आत्ता घरी नाही. मी मान डोलवून ‘घरकाम’ लिहायचो. माझ्या बायकोपुढंही तेच लिहिलं, तिनं पहाटे करून झाकून ठेवलेली भाकरी खात.

त्या वेळेला बाया शेडनेटात, म्हणजे शेतातल्या जाळीच्या मांडवात असतात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आमच्याकडे मिरचीचं संकरित बी तयार होतं. आदल्या दुपारी कळी चिमट्यानं उघडून तिच्यातले केसर काढायचे आणि दुसऱ्या सकाळी, ऊन चढायच्या आत, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. याला क्रॉसिंग म्हणतात. वेळ चुकली की कळी वाया. देशात कुठंही ठसकेबाज मिरची खाल्ली की मी छाती फुगवून सांगतो, हिची आजी आमच्या गावची.

पेंटर यायच्या आदल्या दुपारी शेजारच्या चाचीनं मला शेडनेटात बोलावून घेतलं. चाची म्हणजे क्रॉसिंगच्या टोळीची मुकादम. यादीत काय लिहिलंय ते तिच्या कानावर गेलं होतं. भिंतीवर एकदा चढलं की वर्षानुवर्षं तेच राहणार, नातवंडं तेच वाचणार, आणि आपली दादी रिकामी बसायची असं त्यांना वाटणार, हे तिला बिलकुल मंजूर नव्हतं. तिनं चिमटा माझ्या हातात दिला.

“भाऊ, फकत धा कळ्या करा. मंग खुशाल लिवा घरकाम.”

पहिली कळी देठासकट हातात आली. दुसरीचा चुराडा झाला. चौथीपर्यंत चष्म्यावरून घाम ओघळायला लागला. शेजारच्या ओळीत माझी बायको मान खाली घालून काम करत होती, पण तिचे खांदे हलत होते. दहातली एक कळी वाचली. चाचीनं ती डोळ्यांजवळ धरून पाहिली, आत एक केसर राहिला होता, आणि तीही खुडून टाकली.

मग पालथ्या बादलीवर बसून मी यादी पुन्हा केली, या वेळी एकेका बाईला विचारून. माझ्या बायकोनंही आपलं काम परक्या माणसाला सांगावं तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर ओळ उमटली, ‘क्रॉसिंग कारागीर: गावातल्या महिला’. संध्याकाळी टोळी परतली तेव्हा मी भिंतीशेजारी असा उभा होतो, जणू ते बी मीच केलं होतं. चाचीनं बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं. मी शाबासकीची वाट बघत होतो. चाची एकेक पाऊल मागं सरकत पार सडकेपर्यंत गेली, डोळे बारीक केले आणि तिथूनच म्हणाली,

“बारीक लिवलंय, भाऊ. सडकंवरून दिसून न्हाई राह्यलं.”