गोळीचं उद्यापन

आता तुमच्यापासून काय लपवायचं? अडाणी माणसाने चूक केली तर लोक समजून घेतात. मी शिकून-सवरून केली, आणि तीही यथाविधी, मंत्रासकट. चहा घ्या, सांगतो.

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं असतील. आम्ही काशीत संकठा घाटाच्या वर राहायचो आणि मी पाठशाळेत धर्मशास्त्र शिकवायचो. डोकं सारखं ठणकतं म्हणून बायकोने मला धरून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी दंडाला पट्टा आवळला, पारा बघितला, पुन्हा आवळला.

"शास्त्रीजी, प्रेशर बहुत है। ये गोली रोज सबेरे, नियम से। नागा मत कीजिएगा।"

आषाढी एकादशी दोन दिवसांवर आलेली. अशा वेळी आमच्यासारख्याला 'नियम' म्हटलं तर काय ऐकू येणार, तुम्हीच सांगा. चातुर्मासाचा नेम! कुणी वांगं सोडतं, कुणी एकभुक्त राहतं. मी गोळी धरली.

एकादशीला ओंजळीत पाणी घेतलं आणि संकल्प सोडला, "रक्तचापशमनार्थं प्रत्यहं वटिकाभक्षणं करिष्ये."

"अहो, गोळीला कसला संकल्प?" ही म्हणाली.

"तुला काय कळतंय? संकल्पाशिवाय केलेलं वाया जातं."

आणि चार महिने एक दिवस चुकलो नाही बरं का. ग्रहणातसुद्धा, सुटल्यावर आंघोळ करून घेतली. कार्तिकात डॉक्टरांनी पुन्हा पट्टा आवळला आणि खूश झाले.

"वाह! एकदम नॉर्मल। बस, ऐसे ही चलने दीजिए।"

ऐसे ही! माझ्या कानांनी त्यातून काय घेतलं असेल? फळ मिळालं, व्रत पुरं झालं, आता असंच राहू द्या. मग उद्यापन नको का करायला? कार्तिकी द्वादशीला घाटावरच्या मिसिरजींना जेवायला बोलावलं. पुरणाचा स्वयंपाक केला. दक्षिणेबरोबर उरलेल्या गोळ्यांची पट्टी त्यांच्या हातावर ठेवली, वर तुळशीचं पान.

"ई का हौ, शास्त्रीजी?"

"औषधदान."

मिसिरजी व्यवहारी माणूस. त्यांनी ती पट्टी तशीच औषधांच्या दुकानात दिली आणि बदल्यात हिंगाष्टक चूर्ण घेतलं. पुरण जरा जास्तच झालं होतं त्यांना.

पुढे दीड वर्ष मी ठणठणीत. डोकं दुखत नाही म्हणजे प्रेशर नाही, असा माझा सरळ न्याय. ही अधूनमधून म्हणायची, "एकदा मोजून तरी या." मी म्हणायचो, "उद्यापन झालेलं व्रत उकरून काढत नाहीत." आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग पायांवर सूज आली. घाटाच्या पायऱ्या चढताना तीनदा बसावं लागलं. रक्त तपासलं, कार्डिओग्राम काढला. डॉक्टर कागद खूप वेळ वाचत राहिले, तेव्हाच माझा धीर सुटला.

"दिल पर जोर पड़ा है। और गुर्दे आधे ही काम कर रहे हैं। जो गया, वो लौटेगा नहीं। जो बचा है, उसे बचाना है। गोली किसने बंद की?"

मी सगळं सांगितलं. संकल्प, उद्यापन, तुळशीचं पान. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. माझी दोन्ही मूत्रपिंडं दीड वर्ष आतल्या आत झिजत होती आणि मी वर बसून लोकांना व्रतवैकल्यांचे निर्णय देत होतो. इतका हताश मी कधीच झालो नव्हतो.

डॉक्टर समजावत होते, "देखिए, गोली लेने से कुछ मिल रहा है, ऐसा आपको कभी लगेगा नहीं। पर छोड़ी, तो नुकसान पक्का।"

"कब तक लेनी है?" हिने विचारलं.

"जब तक ये हैं।"

"और उद्यापन?" हे मीच विचारलं हो, सवयीने तोंडातून गेलं.

"वो आपका लड़का करेगा, शास्त्रीजी।"

आम्ही रिक्षात बसलो. मग ही म्हणाली, "अहो, केल्याने काही मिळत नाही, पण न केल्याने दोष लागतो, असं तुम्ही कशाबद्दल शिकवता?"

"संध्येबद्दल. नित्यकर्म म्हणतात त्याला. ते मरेपर्यंत."

"आणि फळ मिळालं की संपतं ते?"

"ते काम्य."

"किती वर्षं शिकवताय?"

"चोवीस."

दुसऱ्या दिवशी पाठशाळेत नेमका तोच पाठ होता. मी रजा टाकली.