कडक मावशीच्या दाराचं कुलूप

आमच्या गल्लीत रात्री कोणाचं दार कसं बंद होतं हे मला पाठ आहे, कारण बहुतेक कड्या-कुलपं आमच्या ह्यांनीच बसवलेली. आमचे हे सुतार. हाताला गुण आहे, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ, त्यामुळे बोलायचं खातं माझ्याकडे. तर सांगते. साऱ्या गल्लीत एकच दार असं होतं, की ज्याची चौकट ह्यांनी बदलली, फळ्या बदलल्या, बिजागऱ्यांना तेल घातलं, पण कुलपासाठी भोक कधी पाडलं नाही. ते दार कडक मावशीचं.

मावशी इस्त्रीवाली. तिच्या हातचे कपडे कडक म्हणून नाव कडक, आणि जिभेनेही त्या नावाला कधी बट्टा लागू दिला नाही. रस्त्याला लागून पुढची खोली, तिथे कमरेएवढं टेबल, त्यावर घडी घातलेलं जाड ब्लँकेट, कडेला पाणी शिंपडायचा वाडगा आणि कोळशाची ती भली जड इस्त्री. मुलाने विजेची आणून दिली होती. ती तिने फळीवर ठेवली आणि वर टोपली पालथी घातली. "हलक्या इस्त्रीची घडी हलकीच," म्हणाली. मागे एक खोली स्वयंपाकाची आणि झोपायची. संपलं घर.

आता, दार उघडं का? तर आमच्याकडची निम्मी माणसं पहाटेच्या पाळीची. बसवाला ड्रायव्हर, भट्टीवर जाणारे, हॉटेलातले. मावशी जागी व्हायच्या आत त्यांना अंगावर घालायला गणवेश हवा. म्हणून ती निजताना गाठोडी टेबलावर ओळीने लावायची, दार नुसतं ओढून घ्यायची, तेही मांजरासाठी. ज्याचा तो यायचा, आपलं गाठोडं उचलायचा, चुरगळलेले कपडे टोपलीत टाकायचा, दार ओढून निघून जायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा हे पाहून हबकलेच. विचारलं, "मावशी, लोकांचे कपडे घरात, आणि दार असं?" ती म्हणाली, "अगं, कपडे त्यांचेच ना? त्यांच्याच कपड्यांना त्यांच्यापासून कुलूप लावू?"

तिचा नवरा कारखान्यावर पहारेकरी होता. रोज फेरी मारून दुसऱ्यांची कुलपं ओढून बघायची, हेच त्याचं काम. तो गेला तेव्हा मुलगा शाळेतही जात नव्हता. मावशी कधी रडगाणं गायली नाही. कोणी कुलपाचा विषय काढला तर मात्र म्हणायची, "तेवढी मोठी कुलपं, पण त्यांची राखण करायला शेवटी माझा माणूसच लागला. मग माझ्याकडे गल्लीभर माणसं आहेत, मला कुलूप कशाला?"

आणि चोर आला नाही असंही नाही. एकदा आला. आमच्या गल्लीतल्या नर्सबाईंच्या नवऱ्याचा कोट टेबलावरून गेला. मावशीने कोणाला काही सांगितलं नाही. पुढे बाजारात भाजी घेता घेता एका माणसाची बाही तिने अशी धरली की त्याच्या हातातली पिशवी खाली पडली. "कोट तुझा असेल, पण घडी माझी आहे," म्हणाली. भर बाजारात कोट उतरवून घेतला, घरी आणून पुन्हा इस्त्री केली आणि पोचवला. उशीर का झाला विचारलं तर म्हणाली, "कॉलर बसत नव्हती." नर्सबाईंना खरी हकिकत भाजीवालीकडून कळली.

तिची आणखी एक रीत होती, आणि पुढचं रामायण त्या रीतीवरूनच घडलं. लोक खिशात वस्तू विसरतात. अंगठी, गोळ्यांची पुडी, बटण, काहीही. टेबलावर काही पडलेलं दिसलं की मावशी ते चिंधीत बांधून, गाठ मारून, त्याच माणसाच्या गाठोड्यात ठेवायची. चिठ्ठी असली तर दोन गाठी मारायची. म्हणायची, "बायको गाठ सोडेपर्यंत बिचाऱ्याला सबब सुचायला वेळ मिळावा." हाताची सवय अशी, की डोळे मिटून करेल.

मुलगा मोठा झाला, चांगली नोकरी लागली, शहराच्या दुसऱ्या टोकाला उंच इमारतीत राहायला गेला. गल्लीत त्याला सगळे साहेब म्हणतात, कारण लहानपणी मातीत लोळणाऱ्या पोरांत एकट्याच्याच चड्डीला इस्त्रीची घडी असायची. आईवर जीव टाकतो. दर रविवारी येतो आणि दर रविवारी "आता माझ्याकडे चल" म्हणतो. मावशी दर रविवारी त्याचा शर्ट उतरवून पुन्हा इस्त्री करते आणि परत पाठवते.

पण मागच्या गल्लीत घरफोडी झाली आणि साहेब रविवारची वाट न बघता आला. हातात नवंकोरं कुलूप. दारातच बसवायचं, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून चावीनेच उघडणारं. एक चावी आईला, एक त्याच्याकडे.

"आई, मला रात्र रात्र झोप येत नाही," तो म्हणाला. "दारं तपासायला उठतो. माझी तपासून होतात, मग तुझं आठवतं. एक तर हे लाव, नाहीतर सामान बांध. कुलूप-चावी सांभाळणं जमलं नाही तर मी तुला घेऊन जाणार, मग तुझं काही ऐकणार नाही."

मावशी इस्त्री फिरवत राहिली. मग म्हणाली, "लाव."

मला धक्काच बसला. मागाहून ती मला म्हणाली, "अगं, तिकडे उंचावर मी कोणाचे कपडे करू? ढगांचे? एक कुलूप लावून माझं टेबल माझ्याकडे राहत असेल तर राहू दे." आमच्या ह्यांनी मान खाली घालून त्या दाराला भोक पाडलं. घरी येऊन जेवलेही नीट नाहीत.

मावशीने संध्याकाळीच दार लावलं, चावी फिरवली आणि ठेवली कुठे? टेबलावर. नंतर ड्रायव्हरची पँट करायला घेतली. पँट उचलली तर खाली चावी! हाताने हाताचं काम केलं: चिंधी, गाठ, गाठोडं. पहाटे ड्रायव्हर आला, दार बंद बघून चक्रावला. मावशीने गाठोडं खिडकीच्या गजांतून ढकललं आणि म्हणाली, "आजपासून असंच." तो गेला, बस गेली, आणि बसबरोबर चावीही गेली.

हे तिच्या लक्षात आलं ते उजाडल्यावर, दार उघडायला गेली तेव्हा. दुसरी चावी मुलाकडे. एक फोन केला असता की तो धावत आला असता. पण पहिल्याच रात्री चावी घालवली हे त्याला कळलं की सामान बांधलंच म्हणून समजा. म्हणून बाई मूग गिळून आत बसली.

गल्लीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रात्रपाळी करून नर्सबाई नेहमीप्रमाणे मावशीच्या हातचा चहा प्यायला आल्या. खिडकीतून उत्तर आलं, "आज चहा नाही. घरी जा, झोप." नर्सबाई माझ्याकडे आल्या त्या पांढऱ्याफटक. "काहीतरी झालंय. ती खिडकी अडवून उभी आहे, आत बघू देत नाही."

"अहो, कुलूप लावलंय कालपासून," मी म्हटलं.

"कुलूप दाराला लावलंय ना? चहाला नाही ना?"

तेवढ्यात शेजारचे मास्तर आले. हातात शर्ट. गजांतून काढताना तो असा चुरगळला होता की गाईने चघळून टाकावा. "मी म्हटलं, मावशी, हा असा कसा? तर त्या म्हणाल्या, चालतंय तेवढं."

चालतंय तेवढं! हे शब्द मावशीच्या तोंडून गल्लीत कोणी ऐकले नव्हते. नवऱ्याच्या अंत्ययात्रेला आलेल्यांच्या कॉलरी नीट करणारी बाई ती. एकच अर्थ निघत होता: आत कोणीतरी आहे आणि त्याने तिच्या गळ्याला सुरी लावली आहे.

मी लाटणं घेतलं. नर्सबाईंनी घेतली छत्री. मास्तरांनी तो शर्टच कमरेला बांधला. सगळी गल्ली पाय न वाजवता त्या दारापाशी जमली. मी खिडकीशी जाऊन हळूच म्हटलं, "मावशी, आत कोणी असेल तर नुसती मान हलव."

"आहे की!" ती खेकसली. "मी आहे! जा आपल्या कामाला!"

"बिचारीला बोलू देत नाहीये," मास्तर कुजबुजले.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी पहार आणली. स्वतः बसवलेलं कुलूप, स्वतः घासलेल्या फळ्या, पण माणसाने क्षणभर विचार केला नाही. दोन तडाखे आणि दार धाडकन आत पडलं. धूळ उडाली. आणि आतून आरोळी आली, "अरे मेल्यांनो, पांढरे कपडे आहेत!"

ती आरोळी ऐकली आणि आमच्या जिवात जीव आला. ही खरी मावशी. सुरी नाही, चोर नाही, एक मांजर आणि टेबलामागे ती. नर्सबाई छत्री टाकून तिच्या गळ्यात पडल्या. मी तर रडलेच, उगाच का खोटं बोलू.

पण मावशी स्टुलावर बसली आणि तिचा चेहराच उतरला. "चावी हरवली गं," म्हणाली. "आता तो मला नेणार." मी तिला पहिल्यांदाच म्हातारी झालेली पाहिलं. तिचा हात मी हातात घेतला, तर तो अजून गरम होता, इस्त्रीचा.

लपवायला आता जागाही नव्हती, कारण घाबरून नर्सबाईंनी साहेबाला आधीच फोन केला होता. तो आला धापा टाकत. हातात दुसरी चावी, आणि समोर दारच नाही. आईला धडधाकट पाहून आधी तो भिंतीला टेकला, मग भडकला. "आई, हे काय? मला फोन करता येत नव्हता?"

"केला असता तर तू नेलं असतंस," मावशी म्हणाली. अगदी साध्या आवाजात.

तेवढ्यात दारात, म्हणजे दार होतं तिथे, ड्रायव्हर उभा. पहिली फेरी संपवून तसाच आलेला. त्याने चिंधीची गाठ पुढे केली. "मावशी, तुझ्याकडून आयुष्यात पहिली चूक झाली. ही चावी माझी नाही. डेपोत सगळ्यांना विचारलं, कोणाचीच नाही. माझ्या घराला तर कडीसुद्धा नीट बसत नाही. कोणाची आहे बघ, बिचारा अडकून बसला असेल कुठेतरी."

सगळी गल्ली खो खो हसली. ड्रायव्हर बावचळून बघत राहिला. मावशीसुद्धा हसली, तोंडाला हात लावून. फक्त साहेब हसला नाही. तो त्या पडलेल्या दाराकडे बघत होता. मग त्याने मला विचारलं, "काकू, दार उघडलं नाही हे तुम्हाला कधी कळलं?"

"कधी म्हणजे?" मी जरा फणकाऱ्यातच म्हटलं. "चहाच्या वेळेला. चहा नाही म्हटल्यावर आणखी काय कळायचं राहतं?"

तो खाली बघत बोलला, "आमच्या समोरच्या घरातले आजोबा आजारी होते. आम्हाला कळलं ते अँब्युलन्स आल्यावर. त्यांच्या दाराला माझ्या दारासारखंच कुलूप आहे."

मावशी उठली, त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. मग दारातून निखळलेलं ते कुलूप उचललं, फडक्याने पुसलं आणि रुमालांच्या चळतीवर वजन म्हणून ठेवलं. "चांगलं जड आहे," म्हणाली. "वाऱ्याने उडायचे सारखे."

दार आमच्या दुकानात आलं, कारण फळी तडकली होती. साहेब म्हणाला, "दार नाही तोवर मी इथे राहतो. दारातच झोपतो." राखणीला म्हणून काठी मागून घेतली माझ्याकडून. मी दिली. लाटण्यापेक्षा बरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आणि मी दार घेऊन निघालो. कुलपाच्या भोकात ह्यांनी लाकडाचा तुकडा बसवून असा घासला होता की बोट फिरवलं तरी कळू नये. कोणी सांगितलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. पोचलो तर मावशी ओठांवर बोट ठेवून उंबऱ्यात उभी. तिच्या मागे साहेब पसरलेला, काठी कुठच्या कुठे घरंगळलेली. डोक्याशी मांजर.

"हळू," ती कुजबुजली. "ड्रायव्हर आला, याला ओलांडून कपडे घेऊन गेला. भट्टीवाले आले, त्यांनी याचा पाय उचलून बाजूला ठेवला. याने कूससुद्धा बदलली नाही. मग त्यांच्यापैकीच कोणीतरी अंगावर चादर टाकली बघ." तिचा चेहरा असा फुलला होता, जणू गल्लीतली सगळी गाठोडी तिने एका हाताने उचलली असावीत. "माझा मुलगा झोपला गं."

ह्यांनी दार खांद्यावरून उतरवलं आणि आवाज न करता भिंतीला टेकवलं. बिजागऱ्या ठोकायच्या म्हणजे हातोडा लागणार, आणि हातोडा म्हणजे आवाज. आम्ही पायरीवर बसलो. नर्सबाई आल्या, मास्तर आले, तेही बसले. मावशीने सगळ्यांना चहा दिला, आणि साहेब उठेपर्यंत ते घर तसंच सताड उघडं राहिलं.