काडी मोडली, नाव राहिलं

"डोरलं परत केलंत?"

"केलं."

"लग्नातलं लुगडं?"

"ते बी दिलं."

"मग नाव तेवढं का ठेवून घेतलंत, बाई?"

कोर्टात हशा पिकला. प्रश्न विचारणारा मी होतो. समोर पिंजऱ्यात आनसाबाई उभ्या होत्या. त्यांच्या बाजूने वकील नव्हता. मला त्या हशाचा आनंद झाला होता, हे मी लपवत नाही. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

माझा अशील पांडबा निकम. राहणार कोल्हापूर, मंगळवार पेठ. निकमांचं घराणं नावाजलेलं होतं, मोडलेली, निखळलेली हाडं बसवण्यासाठी. महाराजांच्या राज्यात कुस्तीला बरकत होती, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या तालमीत रोज कुणाचा तरी खांदा सुटायचा. पण निकमांच्या घरात हे काम पुरुष करत नसत, सुना करत. जी करायची तिला सारं शहर 'निकमीण' म्हणायचं. दोन-दोन माणसांना न आवरणारे पैलवान तिच्यापुढे मांडी घालून बसत आणि "आई गं" म्हणत.

आनसाबाई पांडबाची बायको आणि तेव्हाची निकमीण. त्यांना मूल झालं नाही. पांडबाने दुसरी बायको आणली. आनसाबाईंनी भांडण केलं नाही, पंच बोलावले आणि काडीमोड मागितली. काडीमोड म्हणजे जातीच्या पंचांसमोर गवताची काडी मोडायची, की नवरा-बायकोचं नातं संपलं. पुढे त्यांनी गडमुडशिंगीच्या गणपा चौगुलेशी पाट लावला. काडीमोड झालेल्या किंवा विधवा बाईच्या दुसऱ्या लग्नाला आमच्याकडे पाट म्हणतात.

आनसाबाई गेल्या आणि मागोमाग दुखणेकऱ्यांच्या गाड्याही गडमुडशिंगीला जाऊ लागल्या. गावात शिरताच लोक विचारत, "निकमीण कुठं ऱ्हाती?" आणि त्या दारात येऊन म्हणत, "मीच की. उतरा, पावणं."

हे 'मीच की' पांडबाला सोसेना. तो माझ्याकडे आला.

"वकीलसाहेब, नांदायचं चौगुल्याच्या घरात आन नाव लावायचं माझं? ह्यो कुठला न्याय?"

"तुमची दुसरी बायको बसवते का हाडं?"

"शिकंल की. पर लोकं तिच्याकडं येऊ तर देत!"

मी मनाई हुकमाचा अर्ज केला. मनाई हुकूम म्हणजे अमुक गोष्ट करू नकोस, अशी कोर्टाची ताकीद. तो मिळाला असता तर 'निकमीण कोण?' या प्रश्नाला 'मी' म्हणणं हा आनसाबाईंचा गुन्हा ठरला असता. चौगुलीण म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्यांचं काम तिथेच संपलं असतं.

तर हशा ओसरला. आनसाबाई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. म्हणाल्या, "नाव ह्यांच्याकडनं घेतलंच न्हाई, तर ह्यांना परत कसं देऊ?"

न्यायाधीशांनी मान वर केली. "मग कुणाकडून घेतलं?"

"आत्तीकडनं."

आत्ती म्हणजे सासू, पांडबाची आई भागूबाई. मला पांडबाने सांगितलं होतं की आई खाटेला खिळली आहे, तिला दोन पावलंही टाकवत नाहीत. मी लगेच उठलो. "साहेब, बाईंनी त्या साक्षीदाराला हजर करावं."

आमच्या धंद्यात ही एक युक्ती असते. येऊ न शकणारा साक्षीदार मागायचा. तो येत नाही आणि समोरच्याची बाजू आपोआप लंगडी पडते. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. पिंजऱ्यातून उतरताना आनसाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, एवढंच.

तारखेला मी पायऱ्यांशी पांडबाबरोबर उभा होतो. एक बैलगाडी थांबली. गाडीतून एक आडदांड माणूस उतरला, पाठमोरा होऊन खाली वाकला. आनसाबाईंनी आतून एका म्हातारीला अलगद त्याच्या पाठीवर दिलं. तिने त्याच्या गळ्याला मिठी घातली. तो पायऱ्या चढू लागला.

"हळू रं गणपा. पोतं न्हवं मी."

"पोतं गप बसतंय, आत्ती."

मी पांडबाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"तुमची आई तुमच्याकडे राहत नाही?"

"काडी मोडली त्याच दिशी गेली," तो पुटपुटला. "हिच्या मागनं."

बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या आईला पाठीवर घेऊन तो माणूस माझ्या शेजारून वर गेला. पट्टेवाल्याने न सांगता वाट दिली. बाकावरचे लोक उठून उभे राहिले. मीही टोपी सावरून बाजूला झालो.

म्हातारीला खुर्ची दिली. न्यायाधीशांनी विचारलं, "निकमीण कोण?"

"आधी माझी सासू. मग मी. आता ही."

"हे कुणी ठरवलं?"

"जी निकमीण असती तीच ठरीवती. माझं हात कापाय लागलं, तवा हिला माझ्या घोंगड्यावर बसिवलं. माझ्या वाटीतलं त्याल हिच्या हाताला लावलं. दारात दुखनेकरी हुतं, त्येंच्यासमूर सांगितलं, आजपासनं निकमीण ही. त्या दिसापासनं मी हाडाला बोट लावलं न्हाई, आन मला कुनी निकमीण म्हनलं न्हाई."

मी उठलो. उठायला नको होतं. "पण आजी, काडीमोड झाली आहे."

"काडी ह्या दोघांची मोडली, बाबा. माझी आन हिची कुनी मोडली?"

मी खाली बसलो.

न्यायाधीश गणपाकडे वळले. "तुमची बायको पहिल्या घराचं नाव लावते. तुम्हाला काही वाटत नाही?"

"सरकार, चौगुल्याला कोन वळखतंय? निकमिणीचा दादला म्हटलं की बाजारात वाट सोडत्यात."

या वेळचा हशा निराळा होता. न्यायाधीशही त्यात होते.

अर्ज नामंजूर झाला. हे नाव नवऱ्याने दिलेलं नाही, म्हणून त्याला ते काढून घेता येत नाही, असा निकाल. मी बाहेर येऊन आनसाबाईंसमोर हात जोडले. त्या म्हणाल्या, "खांदं वर चढलंयत तुमचं. लई लिवत असशिला. या कधीतरी गावाकडं." मी अजून गेलेलो नाही. धीर होत नाही.

एक मात्र शिकलो. नवरा-बायकोच्या कुठल्याही केसमध्ये वकीलपत्र घेण्याआधी मी अशिलाला एकच प्रश्न विचारतो: तुमची आई सध्या कुणाकडे जेवते?